ख्रिसमसच्या सकाळचे एग बेक : प्रकल्प नोंदी

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

आमच्या शेजारच्या आजी गेली आठ वर्षे ख्रिसमसच्या सकाळी गल्लीतल्या सगळ्यांना न्याहारीला बोलावतात. त्या न्याहारीत दरवर्षी एकच मुख्य पदार्थ असतो : अंडी, पाव, चीज आणि सॉसेज एकत्र भाजून केलेले मोठे एग बेक. अमेरिकेत इतरत्र त्याला ब्रेकफास्ट कॅसरोल म्हणतात (कॅसरोल म्हणजे सगळे एकाच ट्रेत घालून भाजलेला पदार्थ). आमच्याकडे, म्हणजे मिनेसोटात, एग बेक हेच नाव रुळलेले आहे. जेवणातल्या कॅसरोललाही येथे हॉटडिश म्हणतात आणि त्या नावाची छापील कृती १९३० साली मँकेटो गावातील एका चर्चच्या महिला मंडळाच्या पाककृतींच्या पुस्तकात आली होती, हे आजी अभिमानाने सांगतात. यंदा त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असल्यामुळे त्यांनी हे काम माझ्याकडे सोपवले आणि स्वतःच्या हाताने लिहिलेले कृतीचे कार्डही दिले.

माणसे सोळा आहेत. त्यांपैकी चौघे मांस खात नाहीत (त्यांत माझी आईही आली, ती ऑक्टोबरपासून सांगलीहून आमच्याकडे राहायला आली आहे) आणि त्या चौघांपैकी एकाला गहू अजिबात चालत नाही. म्हणजे दोन ट्रे करावे लागतील : एक आजींच्या कार्डाप्रमाणे आणि दुसरा मांसाशिवाय व पावाशिवाय. दोन्ही ट्रे ९ इंच बाय १३ इंचांचे असतील. सर्व तयारी आदल्या रात्री व्हायला हवी आणि सकाळी पावणेआठ वाजता पदार्थ गरम स्थितीत आजींच्या टेबलावर पोहोचायला हवा.

कार्डावरील प्रमाण असे आहे : पावाची एक मोठी लादी, ४५० ग्रॅम सॉसेज, १२ अंडी, ३ कप दूध, २ कप किसलेले चेडर चीज, एक चहाचा चमचा मोहरीची पूड आणि मीठ. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी ३५० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे १७७ अंश सेल्सियसवर, एक तास भाजायचे.

आज पहिला प्रयोग केला. सॉसेज न घालता त्याऐवजी मश्रूम, पालक आणि टोमॅटो कच्चेच घातले. भाजून झाल्यावर ट्रे दिसायला देखणा होता. वरचे चीज सोनेरी झाले होते आणि कडा फुगून वर आल्या होत्या. पहिला तुकडा कापून उचलला आणि त्या रिकाम्या चौकोनात चारही बाजूंनी करड्या रंगाचे पाणी झिरपू लागले. ट्रे तिरका धरून ते पाणी मापात ओतून घेतले, तेव्हा १४० मिलिलिटर भरले. खालचा पाव लगद्यासारखा झाला होता.

आईने तुकडा चाखला आणि म्हणाली, "अरे, बुर्जी करताना आपण कांदा-टोमॅटो आधी परतून घेतोच ना? पाणी आटल्याशिवाय कधी अंडी फोडतो का?"

या एका वाक्याने प्रकल्पाची दिशा ठरली, असे मी येथे लिहून ठेवतो. अंडी किती आणि चीज कोणते हे प्रश्न नंतरचे आहेत. ट्रेमध्ये पाणी कोठून येते, ते कोण धरून ठेवते आणि भाजताना ते कोठे जाते, हा हिशेब आधी जुळला पाहिजे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज अंडे फोडले नाही. फक्त भाज्यांचे वजन केले.

४५० ग्रॅम मश्रूम चिरून, तेल न घालता, जाड बुडाच्या पसरट कढईत मोठ्या आचेवर टाकले. पहिली चार मिनिटे काहीच घडत नाही असे वाटते. मग अचानक सगळीकडून पाणी सुटते, मश्रूम स्वतःच्याच पाण्यात उकळू लागतात आणि कढई अर्धी भरल्यासारखी दिसते. येथे धीर सोडून आच बंद केली तर सर्व मेहनत वाया जाते. पाणी पूर्ण आटून कढईचा आवाज बदलेपर्यंत, म्हणजे खदखदणे थांबून चरचरणे सुरू होईपर्यंत, थांबावे लागते. त्यानंतरच एक चमचा लोणी घालून मश्रूमच्या कडा तांबूस केल्या. शेवटी वजन २१० ग्रॅम भरले. मश्रूममध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, हे वाचून माहीत होते; पण निम्म्याहून अधिक वजन डोळ्यांदेखत वाफ होऊन जाताना पाहिल्यावर ते पक्के लक्षात राहिले.

गोठवलेला पालक २८० ग्रॅम होता. तो वितळवून जुन्या सुती पंचात बांधून पिळला, तेव्हा १५० ग्रॅम उरला. चक्का टांगताना जसा पंचा पिरगाळतो तसाच हा पिरगाळावा लागतो. नुसत्या मुठीत दाबून पुरेसे पाणी निघत नाही.

टोमॅटो आतल्या मिश्रणातून काढून टाकण्याचे ठरवले. पण पदार्थाला आंबटपणा हवा, असे आईचे म्हणणे आहे आणि ते मला पटते, म्हणून टोमॅटोच्या चकत्या वेगळ्या भाजून वरून लावता येतील.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आजचा विषय पाव हा होता. आठ इंची चौकोनी दोन लहान ट्रे घेतले. त्यांचे क्षेत्रफळ मोठ्या ट्रेच्या निम्म्याहून थोडे जास्त भरते, म्हणून सर्व प्रमाण निम्मे केले. एका ट्रेत दुकानातून आणलेला ताजा मऊ सँडविच पाव आणि दुसऱ्यात फ्रेंच लादीचे इंचभर आकाराचे चौकोनी तुकडे घातले. हे तुकडे काल संध्याकाळी ताटात पसरून तसेच उघडे ठेवले होते. थंडीच्या दिवसांत येथे घरात सतत हीटर चालू असतो आणि हवा इतकी कोरडी होते की एका रात्रीत ४०० ग्रॅमचा पाव ३२० ग्रॅमवर आला.

फरक मोठा पडला. ताज्या पावात आधीच पाणी असल्यामुळे तो दूध वरवरच शोषतो आणि त्याची रचना मोडून चिकट गोळा होतो. वाळलेला तुकडा स्पंजासारखा आतपर्यंत भिजतो आणि तरीही आपला आकार सोडत नाही. कापल्यावर प्रत्येक तुकडा वेगळा ओळखू येतो आणि त्याच्या आत मऊ, जमलेले अंडे असते. या जातीच्या पदार्थाला इटालियन वळणाचे स्ट्राटा असेही नाव आहे, म्हणजे थर. ते नाव किती नेमके आहे हे आज कळले.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. वरचे तुकडे मिश्रणाच्या बाहेर डोके काढून राहतात आणि रात्रभरात कोरडेच राहतात. म्हणून मिश्रण ओतल्यावर वर बटर पेपर अंथरून त्यावर ताटली पालथी ठेवावी आणि दहा मिनिटे हलके वजन द्यावे. त्यानंतर तुकडे आपोआप खाली बसतात.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आज तापमान मोजले. आजींच्या कार्डावर "एक तास" एवढेच लिहिले आहे. पण त्यांचा ओव्हन वेगळा, माझा वेगळा, आणि फ्रिजमधून काढलेला ट्रे किती थंड आहे यावरही वेळ बदलते. म्हणून घड्याळापेक्षा सुई असलेल्या थर्मामीटरवर विसंबायचे ठरवले.

अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम असा आहे की अंड्याच्या अशा पदार्थाचे आतले तापमान १६० अंश फॅरनहाइट, म्हणजे ७१ अंश सेल्सियस, व्हायला हवे. अंड्यांची प्रथिने तापली की उलगडतात आणि एकमेकांत गुंतून जाळे तयार करतात. त्या जाळ्यात पाणी अडकून राहते, म्हणून पदार्थ मऊ आणि तरीही घट्ट लागतो. दूध घातल्यावर प्रथिने एकमेकांपासून दूर जातात, त्यामुळे हे जाळे थोड्या अधिक तापमानाला जमते. पण त्याच्याही पुढे तापवत राहिलो तर जाळे आवळत जाते आणि अडकलेले पाणी पिळून बाहेर टाकते. म्हणजे भाज्यांचे पाणी मी कितीही काटेकोरपणे काढले तरी जास्त भाजल्यास अंडे स्वतःच पाणी सोडणार. पहिल्या दिवशीच्या १४० मिलिलिटरमध्ये याचाही वाटा असणार.

निम्म्या प्रमाणाचे दोन ट्रे लावले. पहिला मध्यभागी ७५ अंश सेल्सियस होताच काढला, दुसरा ९० अंशांपर्यंत राहू दिला. पहिल्याचा मधला भाग ट्रे हलवल्यावर खरवसासारखा थरथरत होता आणि पंधरा मिनिटे मुरल्यावर नीट कापता आला. दुसऱ्याला बारीक भोके पडली होती, चव रबरासारखी होती आणि ताटात पाण्याचे ओघळ आले. यापुढे ७४ ते ७७ अंश हीच मर्यादा पाळायची.

रविवार, ३० नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगची पाहुणेमंडळी परतल्यावर आज आजींच्या कार्डाचा ट्रे पूर्ण प्रमाणात करायला घेतला आणि तो पूर्ण वाया गेला.

रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेला काचेचा ट्रे मी थेट तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवला. आठ-दहा मिनिटांनी आतून टक् असा एकच कोरडा आवाज आला. दार उघडले तर ट्रेला एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला होता आणि पिवळे मिश्रण ओव्हनच्या तळावर टपकून जळत होते. थंड काच अचानक तापली की तिचा बाहेरचा भाग आतल्या भागाच्या आधी प्रसरण पावतो आणि तो ताण काचेला सोसत नाही. हे मला माहीत होते आणि तरीही सकाळच्या घाईत मी ते विसरलो. काचेचे कण असण्याची शक्यता असल्यामुळे बारा अंडी आणि अर्धा किलो सॉसेज टाकून द्यावे लागले. आईला अन्न टाकलेले सहन होत नाही; ती काही बोलली नाही, पण फरशी पुसायला माझ्याआधी वाकली आणि मला फार वाईट वाटले.

निर्णय : रात्रभर थंड राहणारा ट्रे काचेचा नको, अॅल्युमिनियमचा हवा. धातूमध्ये कडा लवकर भाजतात, म्हणून पहिला अर्धा वेळ ट्रेवर फॉइल घट्ट लावून ठेवावी.

शनिवार, ६ डिसेंबर

आजचा दिवस या प्रकल्पात मला सर्वांत जास्त आवडला, कारण आज दुसऱ्या ट्रेचा प्रश्न सुटला.

पावाऐवजी बटाट्याचा गोठवलेला कीस वापरावा, असे आधी मनात होते आणि ते सोपेही आहे. पण मिनेसोटात न्याहारीला बसायचे आणि दुसऱ्या ट्रेत येथलेच धान्य असताना ते वापरायचे नाही, हे मला योग्य वाटेना. वाइल्ड राइस हे १९७७ पासून मिनेसोटाचे अधिकृत राज्यधान्य आहे. नावात राइस असले तरी ते आपल्या भाताचे पीक नव्हे. उथळ तळ्यांत आणि संथ नद्यांत वाढणाऱ्या एका गवताचे ते लांब, काळपट दाणे आहेत. येथले मूळनिवासी ओजिब्वे लोक त्याला मनोमिन म्हणतात आणि पारंपरिक पद्धतीने होडीतून जाऊन लाकडी दांड्यांनी कणसे होडीवर झोडपून ते गोळा करतात. त्यात ग्लुटेन, म्हणजे गव्हातले चिकट प्रथिन, नसते. मश्रूमशी त्याची जोडी येथे घरोघरी ठरलेली आहे.

२०० ग्रॅम धान्य भरपूर पाण्यात सुमारे पन्नास मिनिटे शिजवले. दाणे फुटून उलटे वळले आणि आतला पांढरा गर दिसू लागला की शिजले असे समजावे. निथळल्यावर वजन ६४० ग्रॅम झाले. आईने एक दाणा चावून पाहिला. तिला त्याचा वास चुलीवर भाजलेल्या कणसासारखा वाटला.

पहिल्या प्रयत्नात कार्डाप्रमाणेच १२ अंडी आणि ३ कप दूध घातले. दीड तास झाला तरी मधला भाग हलत होता. दाणे सगळे तळाशी बसले होते आणि वर नुसते अंडे तरंगत होते. कारण उघड आहे आणि ते मी आधीच ओळखायला हवे होते : वाळलेला पाव दूध पितो, शिजलेले धान्य मात्र आधीच पाण्याने भरलेले असते आणि त्यात आणखी काही मावत नाही. कार्डावरील तीन कप दूध हे पावाच्या वाट्याचे आहे.

दुसऱ्या प्रयत्नात १० अंडी आणि फक्त ३०० मिलिलिटर दूध घेतले. शिजलेले धान्य मोठ्या परातीत अर्धा तास पसरून त्याची वाफ जाऊ दिली, मग त्यात परतलेले मश्रूम, पिळलेला पालक, परतलेला कांदा आणि २०० ग्रॅम चीज कालवले. ट्रे पन्नास मिनिटांत जमला. तुकडा सुरीवर सरळ उभा राहिला आणि ट्रेच्या तळाशी पाण्याचा थेंब नव्हता.

हा ट्रे रात्री मिश्रण ओतून ठेवण्यात काही फायदा नाही, उलट दाणे खाली बसण्याचा तोटा आहे. म्हणून धान्य आणि भाज्या ट्रेमध्ये, फेटलेली अंडी झाकणाच्या बरणीत, दोन्ही फ्रिजमध्ये, आणि सकाळी ओव्हनमध्ये ठेवण्याच्या क्षणी एकत्र करायचे.

शनिवार, १३ डिसेंबर

दोन्ही ट्रेंची एकत्र रंगीत तालीम केली. दोन थंड ट्रे एकदम आत गेल्यामुळे ओव्हनचे तापमान खाली येते आणि वीस मिनिटे जास्त लागतात. अर्ध्या वेळात वरचा ट्रे खाली आणि खालचा वर करावा.

चीज तयार किसलेले आणू नये. पाकिटातल्या किसाला गुठळ्या होऊ नयेत म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज चोळलेले असते, त्यामुळे ते नीट एकजीव होत नाही. चेडरचा ठोकळा आणून घरी किसला की वर एकसारखी साय धरते. सॉसेज परतून झाल्यावर त्याची चरबी निथळून टाकावी, नाही तर ती वर तरंगते.

आईने आजींच्या ट्रेत हळद आणि हिरवी मिरची घालण्याचा आग्रह धरला होता. लहान ट्रेत करून पाहिले. चव खरोखरच चांगली लागली आणि मुलांनी तोच ट्रे आधी संपवला. तरीही ख्रिसमसला पहिला ट्रे आजींच्याच चवीचा राहील. आठ वर्षे ज्या चवीची लोक वाट पाहतात ती त्यांच्या अनुपस्थितीत बदलण्याचा मला अधिकार नाही. दुसऱ्या ट्रेत मात्र दोन मिरच्या बारीक चिरून घालणार आहे. मोहरीची पूड दोन्ही ट्रेत राहील. कार्डावर मोहरी पाहून आईला फार आनंद झाला होता.

बुधवार, २४ डिसेंबर

दुपारी दोनला वाइल्ड राइस शिजवायला ठेवला. पावाचे तुकडे काल रात्रीपासून पसरलेले होते.

संध्याकाळी सातपर्यंत मश्रूम, कांदा, पालक आणि सॉसेज तयार करून पूर्ण थंड होऊ दिले. गरम भाजीवर अंडी ओतली तर ती तळाशी तिथल्या तिथे शिजू लागतात. १२ अंडी, ७०० मिलिलिटर दूध, सव्वा चमचा मीठ, मोहरीची पूड आणि मिरपूड एकत्र फेटली. फेटताना फेस होऊ न देणे महत्त्वाचे आहे, म्हणून रवी बाजूला ठेवून काट्याने सावकाश फेटले. मिश्रण तीन टप्प्यांत ओतले आणि प्रत्येक वेळी पाव हाताने दाबून पाहिला. दहा मिनिटे ताटली ठेवली. रात्री नऊ वाजता ट्रे, बरणी आणि दुसरा ट्रे फ्रिजमध्ये गेले. गव्हाचा कण दुसऱ्या ट्रेत जाऊ नये म्हणून त्याचे चमचे आणि सुरी आईने वेगळ्या फडक्यात बांधून ठेवली आहे.

गुरुवार, २५ डिसेंबर

पावणेसहाला ओव्हन लावला. सहाला पावाचा ट्रे फ्रिजमधून बाहेर काढला. सहा दहाला बरणीतली अंडी पुन्हा ढवळून धान्यावर ओतली आणि दोन्ही ट्रे फॉइल लावून आत ठेवले. बाहेर अजून अंधार होता.

सहा पंचेचाळीसला फॉइल काढली, ट्रेंची अदलाबदल केली, पावाच्या ट्रेवर उरलेले चीज आणि दुसऱ्यावर आधी भाजलेल्या टोमॅटोच्या चकत्या पसरल्या. सात पंधराला धान्याचा ट्रे ७६ अंशांवर होता, तो बाहेर काढला. पावाचा ट्रे तेव्हा ६६ अंशांवर होता; आणखी दहा मिनिटांनी ७५ झाला. दोन्ही ट्रे जाळीवर मुरू दिले आणि मग जाड टॉवेलमध्ये गुंडाळून आजींकडे नेले. पावणेआठला तीन मिनिटे कमी होती.

पावाचा ट्रे आजींनी स्वतः कापला. पहिला तुकडा उचलल्यावर मी त्या रिकाम्या चौकोनाकडे पाहत होतो आणि त्या माझ्याकडे पाहत होत्या. चौकोन कोरडा होता. त्यांनी दोन घास खाल्ले, काटा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "माझ्या ट्रेला दरवर्षी खाली पाणी सुटते. मी ते भांड्याच्या कोपऱ्यातून हळूच ओतून टाकते आणि कोणाला सांगत नाही."

सोळा जणांनी एकोणीस तुकडे खाल्ले. वाइल्ड राइसचा ट्रे मांस खाणाऱ्यांनीही घेतला, त्यामुळे ज्यांच्यासाठी तो केला होता त्यांच्यापैकी आईला दुसरा तुकडा मिळाला नाही; पुढच्या वेळी त्या चौघांचे वाटे आधी वेगळे काढून ठेवायला हवेत. निघताना आजींनी कार्ड परत मागून घेतले आणि पेन्सिलीने खाली दोन ओळी वाढवल्या : पाव आदल्या दिवशी वाळवावा, मधोमध ७५ अंश सेल्सियस. सेल्सियस हा शब्द त्यांनी मला विचारून लिहिला.

शुक्रवार, २६ डिसेंबर

उरलेले पाच तुकडे पावाच्या ट्रेचे होते. एक तुकडा मायक्रोवेव्हमध्ये आणि एक ३२५ फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये फॉइलखाली पंधरा मिनिटे गरम केला. मायक्रोवेव्हमधल्या तुकड्याने ताटात पाणी सोडले, ओव्हनमधल्याने सोडले नाही. आईने उरलेल्या तीन तुकड्यांच्या लांब पट्ट्या कापून तव्यावर थोड्या तुपात खरपूस भाजल्या आणि सोबत लसणाची चटणी दिली.